जप्तीची नोटीस आणि राहतं घर

या अंकासाठी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे. त्या काकांना मी टपालाने आधीच उत्तर पाठवलं, कारण त्यांच्या कागदावरची कोर्टाची तारीख हा अंक निघण्याच्या आधीची होती. पण तसाच कागद उद्या आणखी कुणाच्या दाराला लागेल, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर देते. नावं आणि गावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी खटाव तालुक्यातला शेतकरी, वय ६३. गट एकच, दोन एकर. त्यातच वस्तीवर घर आहे, चार खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, कडेला गोठा. तीन वर्षांमागं आलं लावलं. बेणं, खतं, औषधं सगळं दुकानदाराकडनं उधारीवर आणलं. कंदकूज लागली, आलं रानातच गेलं. ४ लाख ६० हजार बाकी राहिली. त्यानं स्टॅम्पवर सह्या घेतल्या होत्या. पुढं दावा लावला. समन्स मला मिळालं होतं, पण म्हटलं समोरासमोर बसून मिटवू, म्हणून कोर्टात गेलो नाही. एकतर्फी निकाल झाला. त्यानंतर दोन शेरडं आणि एक कालवड विकून ५० हजार त्याच्या हातात दिले, पावती नाही. आता बेलीफ येऊन दाराला कागद चिकटवून गेला. दुकानदार म्हणतो, "घरासकट लिलाव करीन, सगळे हक्क सोडल्याचं तू लिहून दिलंयस." थोरला मुलगा पुण्यात कंपनीत आहे, महिन्याला पाच हजार धाडतो. घरात मी, मंडळी आणि म्हातारी आई. घर जाणार का? सह्या माझ्याच आहेत, मग मला बोलायचा अधिकार उरलाय का?

उत्तर : काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बोलायचा अधिकार आहे, आणि तो आत्ताच वापरायचा आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या कलम ६० मध्ये एक यादी आहे. हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या, वसुलीसाठी देणेकऱ्याच्या कोणत्या वस्तूंना हात लावता येत नाही, त्याची ही यादी. माझे वडील तालुका कोर्टात बेलीफ होते, त्यामुळे लहानपणी पाढ्यांच्या आधी ही यादी माझ्या कानावर पडली. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. बाईच्या अंगावरचा जो दागिना धर्मरीतीप्रमाणे उतरवता येत नाही तो, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औतं-अवजारं, आणि पोटापुरती शेती चालावी म्हणून कोर्टाला लागतील वाटतील तेवढी जनावरं आणि बियाणं. आणि त्याच यादीत, शेतकऱ्याचं, मजुराचं किंवा घरगड्याचं स्वतःच्या मालकीचं, स्वतः राहतो ते घर, त्याखालची जागा आणि त्याला लागून असलेली वापरापुरती जमीन.

तर काका, तुमच्या चार खोल्या, पडवी, गोठा आणि पुढचं अंगण या यादीत बसतं. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ते जप्तही होत नाही आणि विकलंही जात नाही.

स्टॅम्पवर हक्क सोडल्याचं लिहून दिलंय, त्याची धास्ती मनातून काढा. याच कलमात १९७६ च्या दुरुस्तीनं ६०(१ए) हे पोटकलम घातलं गेलं. या यादीतली सवलत सोडतो असा कोणताही करार रद्दबातल आहे, असं ते स्पष्ट सांगतं. गरजेला आलेला माणूस पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. आपल्याच भागात १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रं जाळली. त्यानंतर चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला, आणि शेतकऱ्याची स्थावर मिळकत खास गहाण ठेवलेली नसेल तर हुकूमनाम्यात विकता येणार नाही, असं त्यात होतं. तो कायदा आज नाही. आज हाती आहे ते कलम ६०, आणि ते घरापुरतं आहे.

इथे तुम्हाला आवडणार नाही अशी गोष्ट सांगावी लागते. शेताला हे संरक्षण नाही. दोन एकरातलं घर आणि लगतची जागा वाचते, उरलेलं रान जप्त होऊ शकतं. मी गावोगावच्या शिबिरांत बोलते तेव्हा निम्म्या लोकांचा समज असतो की शेतकऱ्याची जमीन कोर्टाला विकताच येत नाही. बँकांसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, त्यावरून तो समज पसरला असावा. तुमचा दुकानदार दिवाणी कोर्टातून आला आहे. त्याला ती अडचण नाही.

मात्र त्यातही चार आडकाठ्या आहेत. पहिली, हुकूमनाम्याची रक्कम भागेल एवढाच तुकडा विकायचा, जास्त नाही. याच संहितेतल्या आदेश २१ चा नियम ६४ हेच सांगतो. पाच लाखांसाठी अख्खा गट पुकारला तर तोंड उघडून हरकत घ्या. दुसरी, विक्रीच्या जाहीरनाम्याआधी तुम्हाला नोटीस मिळते, आणि किमतीबद्दल तुमचं म्हणणं मांडता येतं. तिसरी, दुकानदाराला स्वतः बोली लावायची असेल तर आधी कोर्टाची परवानगी लागते. चौथी, आपल्या कुळकायद्याचं कलम ६३. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि कोर्टाच्या लिलावातली विक्रीही त्यात धरली आहे. तुमचा दुकानदार खातेदार आहे की नाही, ते त्याच्या ८अ उताऱ्यावरून कळेल.

आता तुमच्या दारावरचा कागद. तुम्ही पाठवलेली झेरॉक्स मी तीनदा वाचली. त्यात मिळकतीचं वर्णन 'गट नंबर अमुक, क्षेत्र ० हे. ८१ आर, चतुःसीमा येणेप्रमाणे' एवढंच आहे. घराचा शब्दही नाही. ही नेहमीची गोष्ट. दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करणारा ७/१२ समोर ठेवून वर्णन लिहितो, आणि ७/१२ वर वस्तीवरचं घर सहसा नसतं. मग जप्ती पूर्ण गटावर बसते. पुढे जाहीरनामा त्याच वर्णनावर निघतो, लिलाव त्याच वर्णनावर होतो, आणि घेणारा कब्जा मागायला येतो तेव्हा घर त्याच्या गटात सापडतं. कोर्टाला तुमचं घर दिसत नाही. ते तुम्ही दाखवायचं आहे.

म्हणून त्या कागदावर विक्रीच्या अटी ठरवायला हजर राहा म्हणून जी तारीख घातली आहे, त्या दिवशी कोर्टात उभे राहा. वकिलामार्फत कलम ४७ आणि कलम ६० खाली अर्ज द्या: या गटात माझं राहतं घर आहे, मी शेतकरी आहे, घर, गोठा आणि त्याभोवतीची एवढी जागा जप्तीतून वगळावी. सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे. जोडायला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घ्या, त्यात घराचं मोजमाप आणि घरपट्टी असते. विजेचं बिल, रेशनकार्ड, घराचे फोटो. वस्तीची मोजणी झाली असेल तर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. शेतकरी असल्याच्या पुराव्याला ७/१२ आणि त्यावरची पीकपाहणी, बाजार समितीच्या आडतीच्या पट्ट्या, ऊस घातला असेल तर कारखान्याची बिलं. ई-पीक पाहणी ॲपवर तुम्ही नोंद केली नसेल तर पुढच्या हंगामाला नक्की करा. पीकपाहणीचा रकाना कोरा असला की समोरचा वकील तेवढंच बोट धरतो.

कायद्यात शेतकरी कुणाला म्हणायचं तेही दिलं आहे. जो जमीन स्वतः कसतो आणि ज्याची गुजराण मुख्यतः शेतीवर आहे तो. स्वतः कसणं म्हणजे स्वतःच्या कष्टानं, घरच्या माणसांच्या कष्टानं, किंवा रोजंदारीवरच्या माणसांकडून. मजुराला मजुरी धान्यात दिली तरी चालतं. पण पिकाचा हिस्सा मजुरी म्हणून द्यायचा ठरला, तर ते स्वतः कसणं धरत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून गेल्या वर्षी रान वाट्यानं दिलं होतं, असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय. ते वकिलाला आधी सांगा, लपवू नका. एक हंगाम दिलं की कायमचं दिलं, किती क्षेत्र दिलं, उरलेल्यात तुम्ही काय केलं, यावर बरंच ठरेल. मुलाचे पाच हजार हे मुलाचं उत्पन्न आहे. तुमची चूल मुख्यतः शेतीवर चालते हे पट्ट्यांवरून दाखवता आलं, तर ते पैसे आड यायचं कारण नाही.

पन्नास हजारांचं मात्र मला फार वाईट वाटलं. कालवड विकून दिलेले पैसे, आणि कागदावर शून्य. निकाल लागल्यावर कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवावी लागते. आदेश २१ नियम २ तसा आहे, आणि तुम्हाला नोंद करून घ्यायची असेल तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. नोंद नाही तर वसुली करणारं कोर्ट ती रक्कम धरत नाही. ३० दिवस उलटले आहेत. तरी दुकानदाराच्या वहीत जमा आहे का, त्यानं फोनवर कबुली देणारा मेसेज केला होता का, ते शोधा. त्यानं कोर्टात मान्य केलं तर रक्कम वळती होऊ शकते. यापुढे एक रुपयाही हातात देऊ नका. कोर्टात भरा, किंवा बँकेतून पाठवा आणि दरखास्तीचा नंबर लिहून त्याची नोंद घ्या.

एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. समन्स मिळालं होतं हे तुम्ही स्वतःच लिहिता, म्हणजे त्या वाटेनं फार आशा धरू नका. त्यापेक्षा हप्त्यांचं बोला. हुकूमनाम्यानंतरचे हप्ते दुकानदाराच्या संमतीनं कोर्ट बांधून देऊ शकतं. लोकअदालतीत अशी प्रकरणं मिटतात, कारण लिलावाचा खर्च, तारखा आणि गावातली नाराजी दुकानदारालाही नको असते. घर लिलावात येणार नाही हे त्याला अर्जातून कळलं की त्याची भाषा बदलते. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

वडिलांची एक आठवण सांगते, ती या प्रश्नाला धरूनच आहे. जप्तीचा हुकूम मिळकतीवर वाचून दाखवायचा असतो, दवंडी देऊन किंवा गावाच्या रीतीप्रमाणे. वडील हलगीवाल्याला घेऊन जायचे. हुकूम वाचून झाला, कागद चिकटवला, एक प्रत ग्रामपंचायतीत दिली की त्यांचं काम संपायचं. पण ते तिथंच थांबायचे, घरातल्या म्हाताऱ्याला बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, "तारखेला या. आल्याशिवाय साहेबाला काही समजत नाही." सांगणं त्यांच्या कामात नव्हतं. बहुतेक माणसं यायची नाहीत. कोर्टाची पायरी चढली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांना वाटायचं. मी वकिली सुरू केली त्याच्या दुसऱ्याच वर्षी एक बाई आल्या. नवरा वारलेला, घर लिलावात गेलेलं, विक्री कायम झालेली. त्यांच्या नवऱ्यानं चार नोटिसा घेतल्या होत्या आणि चारही ट्रंकेत घडी करून ठेवल्या होत्या. घर शेतकऱ्याचं होतं, राहतं होतं, कलम ६० त्यांच्या बाजूचं होतं. पण वेळ असताना कुणी ते सांगितलं नाही, आणि सगळं उरकल्यावर 'आधी का नाही बोललात' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मी वरच्या कोर्टापर्यंत गेले, हरले. त्या ट्रंकेतल्या घड्या मला अजून दिसतात.

लिलाव होऊन गेलाच, तरी विक्रीच्या तारखेपासून ६० दिवस हातात असतात. जाहीरनाम्यातली रक्कम आणि वर घेणाऱ्यासाठी लिलावाच्या किमतीच्या ५ टक्के भरले तर विक्री रद्द करून मागता येते. रान १२ लाखांना गेलं असेल तर ते ६० हजार होतात. जाहीरनाम्यात किंवा लिलावात मोठी गडबड झाली आणि त्यानं तुमचं खरंच नुकसान झालं, तर तेवढ्याच मुदतीत वेगळा अर्ज आहे. पण काका, तिथवर जायची वेळ येऊ देऊ नका.

वकील लावायला पैसे नाहीत असं लिहिलंत. तुमच्या तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. घरपट्टीच्या पावतीवर काकूंचं नाव असेल, तर त्या स्वतःच्या नावानंही हरकत घेऊ शकतात. ती पावती एकदा नीट बघा.

प्रश्न : ताई, आम्ही भोसरीला राहतो. मिस्टर एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, बावीस वर्षं लेथवर काम करतात. मित्राच्या हातउसन्या पैशाला जामीन राहिले. मित्र गाव सोडून गेला. आता दोघांवर निकाल आहे आणि समोरचा आमच्या वन आरकेवर जप्ती आणतोय. फ्लॅटवर बँकेचं गृहकर्ज चालू आहे. राहतं घर जप्त होत नाही असं शेजारच्या काकांनी सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : शेजारच्या काकांचं म्हणणं पंजाब-हरियाणात असतात तर सरळ लागू झालं असतं. तिथे याच कलम ६० ला राज्याची दुरुस्ती आहे आणि शेतकरी नसलेल्याचंही एक मुख्य राहतं घर वाचतं. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती नाही. आपल्याकडे दुकानदाराचा, शिक्षकाचा, कारकुनाचा फ्लॅट जप्त होऊ शकतो. मला हे अन्यायाचं वाटतं. साताऱ्याच्या वस्तीवरचं छप्पर आणि भोसरीतली एक खोली, रात्री पाठ टेकायला दोन्ही सारखीच लागतात. आपल्या विधिमंडळानं पंजाबसारखी दुरुस्ती करावी, असं मी इथे लिहून ठेवते.

पण ताई, तुमच्या पत्रात 'लेथवर' हा शब्द आहे आणि मी त्यावरच थांबले. कलमात शेतकऱ्याच्या जोडीला 'मजूर' आहे, आणि मजूर म्हणजे अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तिन्ही, असं स्पष्टीकरण दिलं आहे. हातानं काम करून पोट भरणारा टर्नर कुशल मजूर आहे, असा अर्ज तुम्ही नक्की करू शकता. त्यांचं नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड जमवा. काम सुपरवायझरचं दाखवलेलं असेल तर समोरचा भांडेल, म्हणून प्रत्यक्ष काम काय ते सांगणारा एखादा सहकारी साक्षीला ठेवा. फ्लॅट त्यांच्या नावावर हवा आणि ते तिथे राहत असले पाहिजेत. दोन्ही तुमच्याकडे आहे.

बँकेपुढे हे चालणार नाही. घर बँकेकडे गहाण आहे, आणि सरफेसी कायद्यात कलम ६० ची ही सवलत त्याच कर्जासाठी तारण दिलेल्या मिळकतीला मिळत नाही. म्हणून गृहकर्जाचा हप्ता काहीही झालं तरी चुकवू नका. हातउसन्याच्या भीतीनं हप्ता थांबवला तर जे संरक्षण मिळू शकतं तेही वाया जाईल.

मिस्टर मजूर धरले गेले नाहीत, तर पगारावरही जप्ती येऊ शकते, पण सगळ्यावर नाही. पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. आणि मिस्टरांनी जे भरावं लागेल ते मित्राकडून परत मागायचा हक्क जामीनदाराला आहे. मित्राचा गावाकडचा ७/१२ काढून ठेवा.

प्रश्न : आमचं वाई तालुक्यात गावठाणात जुनं माडीचं घर आहे. वडील १९८७ ला वारले. आम्ही दोघे भाऊ, वाटप झालेलं नाही. थोरल्यानं दादागिरीनं आपला अर्धा हिस्सा म्हणून एका बाहेरच्या व्यापाऱ्याला खरेदीखत करून दिलं. तो आता खालचा सोपा आणि माजघर मोकळं करा म्हणतो, तिथं गोदाम करणार. शेताच्या ७/१२ वरही थोरल्याचंच एकट्याचं नाव आहे, त्यामुळे तो म्हणतो जमीन माझीच. आमच्या आईचं देवघर माजघरात आहे. काय करावं?

उत्तर : व्यापाऱ्याला आत पाऊल टाकू देऊ नका, आणि हे मी कायद्याच्या आधारानं म्हणते आहे. हाणामारी अजिबात नको. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला, तर त्याला तिथे कुटुंबाबरोबर राहायचा किंवा वापरायचा हक्क मिळत नाही. त्यानं आधी वाटपाचा दावा लावायचा. तो जबरदस्ती करील असं वाटत असेल तर तुम्ही दिवाणी कोर्टात मनाईचा दावा आणि त्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज करा. हे लवकर करायला हवं. एकदा त्याची पोती माजघरात पडली की तो कब्जेदार आणि तुम्ही फिर्यादी होता.

तो वाटप मागायला आला की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ तुमच्या हाती येतं. परक्यानं घेतलेला हिस्सा घरचा भागीदार विकत घेऊ शकतो, आणि त्याची किंमत कोर्ट ठरवतं. तुमच्या भावानं खरेदीखतात लावलेल्या आकड्याला तुम्ही बांधलेले नाही. हा हक्क वाटपाच्या हुकूमनाम्यानंतरही, प्रत्यक्ष वाटप पुरं होईपर्यंत मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं आहे. पण पैसे उभे करावे लागतील, म्हणून आत्तापासून तयारी ठेवा. देवघराची खोली वाचवायची असेल तर हाच रस्ता.

७/१२ चं भूत फार मोठं करून ठेवलं आहे आपण. ७/१२ हा महसुलाचा उतारा. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, महसूल संहितेचं कलम १५७ तेवढंच म्हणतं. नोंदीनं मालकी मिळत नाही आणि नोंद नसल्यानं जात नाही. मालकी ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं. तुम्ही तहसीलमधून १९८७ च्या सुमाराचा वारस फेरफार काढा. माझा अंदाज आहे की थोरल्याच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरं असतील. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या काळी घरातल्या थोरल्याचं नाव असंच लागायचं, आणि पुढे उतारा पुन्हा लिहिताना ती तीन अक्षरं गळायची. मी अशा फेरफाराच्या एका झेरॉक्सवर अख्खा दावा उभा राहिलेला पाहिला आहे. सापडला तर जपून ठेवा, त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

शेताच्या ७/१२ वरही व्यापाऱ्याच्या नावची नोंद धरली असेल आणि ती अजून मंजूर झाली नसेल तर नोटीस लागल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या. ती तक्रारी नोंद होऊन मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालते. घर गावठाणात असल्यानं त्याचा ७/१२ नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि गावात ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाल्या असतील तर ती पत्रिका, दोन्ही तपासा. स्वामित्व योजनेत एकाच भावाचं नाव लागलेली घरं मी पाहते आहे. घाईत कुणी घरी नसताना नाव सांगितलं जातं.

आणि जाणते साक्षीदार ठेवून थोरल्याशी एकदा बोला. त्यानं पैसे कशासाठी घेतले ते पत्रात नाही. कधी कधी तिथेच गाठ असते.

प्रश्न : माझं लग्न १९९१ ला झालं. वडील २००१ ला गेले. भाऊ म्हणतात, मुलीला राहत्या घरात वाटप मागता येत नाही, तसा कायदाच आहे. वर वडिलांनी सावकाराचं देणं ठेवलंय, हिस्सा हवा तर तुझ्या पगारातून ते फेड म्हणतात. राखीपौर्णिमेला बोलावून हक्कसोडपत्रावर सही मागताहेत.

उत्तर : भाऊ सांगतात तसा कायदा होता. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ मध्ये मुलीला राहत्या घराचं वाटप, भावांनी ठरवल्याशिवाय मागता येत नव्हतं. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून काढून टाकलं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे, वडील २००५ आधी वारले असले तरी, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टातून वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही झालं होतं का, ते आधी बघा. घर वडिलांनी स्वतः बांधलेलं असेल तर तुम्ही त्यांच्या पहिल्या वर्गाच्या वारस आहातच.

वडिलांचं देणं त्यांच्या मागे राहिलेल्या मिळकतीतून फिटतं. वारसाची जबाबदारी वारशात हाती आलं तेवढ्यापुरती. तुमच्या पगाराशी सावकाराचा संबंध नाही. त्या देण्याचा कागद भावांना दाखवायला सांगा, आणि सावकाराकडे परवाना आहे का तेही विचारा. परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

राखीला जरूर जा. भावांशी भांडण कशाला? फक्त ज्या कागदावर सही मागतील त्याची प्रत मागून घ्या, पर्समध्ये ठेवा आणि म्हणा की घरी जाऊन वाचते.